अंगणातल्या बर्ड फीडरपासून खारींना लांब कसं ठेवायचं?

न्यू जर्सीत घर घेतलंय, मागच्या अंगणात मेपलच्या फांदीला फीडर टांगलाय, आणि पक्षी यायच्या आत खारीच तो फस्त करतात. दाण्यांत लाल तिखट मिसळलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

तिखटाचं आधी सांगतो. कल्पना चुकीची नाही. मिरचीची आग खारीला झोंबते, पक्ष्यांना ती जाणवतच नाही. पण डब्यातलं तिखट वरून भुरभुरू नका. वाऱ्याने उडून तुमच्याच डोळ्यांत जाईल आणि एका पावसात धुऊन निघेल. तिखट तेल चोळलेल्या तयार बिया मिळतात, त्या घ्या. महाग पडतात, आणि फारच भूक लागली असेल तर एखादी खार त्याही खाते.

खरी गोम त्या फांदीत आहे. आपल्याकडची पट्ट्यापट्ट्यांची खार जेमतेम १०० ग्रॅमची. इथली राखाडी खार अर्ध्या किलोची, जमिनीवरून ४ फूट उंच उडते आणि आडवी ८-१० फूट झेप घेते. तिचे मागचे पाय घोट्यातून उलटे वळतात. म्हणून फांदीला मागच्या नखांनी लटकून, डोकं खाली, पुढच्या दोन्ही पायांत एकेक दाणा धरून सोलत ती निवांत जेवू शकते. झाडाला टांगलेला फीडर म्हणजे तिला घरपोच डबा.

तेव्हा फीडर लोखंडी दांड्यावर, उघड्यावर लावा. झाड, कुंपण, डेक, छप्पर यांच्यापासून निदान १० फूट तरी लांब. दांड्याला पत्र्याचं बॅफल बसवा: ६-८ इंच रुंदीचं, दोनेक फूट लांबीचं, वरून बंद असलेलं नळकांडं. त्याचं वरचं टोक जमिनीपासून ४ फुटांहून खाली नको, आणि ते थोडं डुगडुगतं राहू द्या. खार दांड्यावरून चढत नळकांड्यात शिरते, वर वाट बंद, आतल्या आत खडबड करते आणि आली तशी उतरते. चहाचा कप घेऊन खिडकीशी बसावं असा कार्यक्रम असतो.

दांड्याला तेल, ग्रीस, व्हॅसलीन मात्र चुकूनही लावू नका. पिसांना चिकटलं की पक्ष्याला ते काढता येत नाही आणि थंडीत पिसांची ऊब जाते. पिंजऱ्यात पकडून दुसरीकडे सोडून या, असंही कुणी सुचवेल. बऱ्याच राज्यांत ते परवानगीशिवाय बेकायदा आहे, शिवाय मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरी खार हजर होतेच.

वजनाने बंद होणारे फीडर चांगले असतात. कार्डिनल पक्षी ४५ ग्रॅमच्या आसपास, खार त्याच्या दहापट. ती बसली की स्प्रिंग दबते आणि दाण्यांची भोकं झाकली जातात. पण फीडरच्या बसायच्या दांडीवर भार न देता वरून लटकणाऱ्या खारीपुढे त्याचं काही चालत नाही, म्हणजे पुन्हा फीडर कुठे लावायचा यावरच आलो. प्लास्टिकचा मुळीच घेऊ नका, कुरतडून टाकतील.

दाणाही बदलून बघा. शेंगदाणे, मका, सूर्यफूल यांवर खारींचा जीव. करडई ठेवली तर कार्डिनल आणि चिकॅडी आनंदाने खातात, खारी सहसा तोंड फिरवतात. पिवळे गोल्डफिंच हवे असतील तर बारीक भोकांच्या नळीत 'नायजर' भरा. हे आपलेच कारळे. भारतातून आणि इथिओपियातून इकडे येतात, रुजू नयेत म्हणून तापवलेले. पिशवी उघडल्यावर चटणीची आठवण येईल, पण ते पक्ष्यांनाच राहू द्या.

आणि हिवाळ्यात २ फूट बर्फ साचला की बॅफलची ४ फुटांची उंची २ फुटांवर येते. ड्राइव्हवे साफ करताना दांड्याभोवतीही फावडं फिरवा.