जुन्या चित्रपटाचे नाव आठवत नसेल, तर अनोळखी लोकांना कसे विचारावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणी नाशिकरोडला मामांच्या घरी केबलवर पाहिलेला एक विनोदी चित्रपट आपल्याला पुन्हा पाहायचा आहे. त्यात एक तरुण एका वयस्क गृहस्थांना भुताखेतांची गोष्ट सांगून घाम फोडतो, एवढेच आठवते. चित्रपट मराठी होता की हिंदी, याची खात्री नाही. इतक्या तुटपुंज्या माहितीवर अनोळखी लोकांना विचारून काही उपयोग होतो का, की लोक थट्टा करतात, असे आपण विचारले आहे.

उपयोग निश्चित होतो. मी नाशिकमध्येच राहतो आणि जुने चित्रपट, नाटके व गाणी यांविषयीचे असे प्रश्न आवडीने वाचतो, जमेल तेव्हा उत्तरही देतो. थट्टा करणारे क्वचित भेटतात. उलट एखाद्याला नाव सापडेपर्यंत स्वस्थ न बसणारी माणसेच अधिक आहेत. तरीही अनेक प्रश्न तसेच पडून राहतात, कारण विचारणारा कथेचे वर्णन करतो, पण तो चित्रपट आपण कुठे, कधी आणि कशावर पाहिला हे सांगायचे विसरतो. आपण मामांचे घर आणि केबल यांचा उल्लेख केलात, हे फार चांगले झाले.

आता आपल्या चित्रपटाकडे येतो. आपण सांगितलेले दृश्य माझ्या माहितीतल्या तीन चित्रपटांत आहे, आणि तिन्ही एकाच कथेवर आधारलेले आहेत. मूळ तमिळ चित्रपट ‘कादलिक्क नेरमिल्लै’ १९६४ साली आला. त्यावरून १९६६ साली हिंदीत ‘प्यार किये जा’ निघाला. आणि १९८५ साली महेश कोठारे यांनी मराठीत ‘धूमधडाका’ केला. तिन्हींत चित्रपट काढण्याच्या वेडाने झपाटलेला मुलगा आपल्या वडिलांना नियोजित भयपटाची कथा ऐकवतो आणि तोंडाने एकेक आवाज काढत त्यांना पार घाबरवून सोडतो. तमिळमध्ये हा मुलगा नागेश आहे, हिंदीत मेहमूद आणि मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे. वडील हिंदीत ओमप्रकाश आहेत, मराठीत शरद तळवलकर. म्हणजे केवळ दृश्याच्या वर्णनावरून कोणी ‘हाच चित्रपट’ असे ठामपणे सांगितले, तर ते उत्तर अपुरे समजावे. त्या चित्रपटात खोटा श्रीमंत बाप बनून आलेला आणि बोलता बोलता विचित्र ठसका लागणारा माणूस आपल्याला आठवतो का? आठवत असेल, तर ते अशोक सराफ, आणि मग चित्रपट ‘धूमधडाका’च होय. आपल्या मामांना किंवा मामींनाही हे विचारता येईल. मात्र विचारताना चित्रपटाचे नाव आपण आधी सुचवू नये, कारण नाव एकदा कानावर पडले की माणूस त्याच नावाभोवती आपली आठवण जुळवून घेतो.

अशा जोड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. भाड्याची खोली मिळावी म्हणून मित्रांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात, असे कोणी लिहिले की उत्तर देणारे तत्काळ १९८८ सालचे ‘अशी ही बनवाबनवी’ सांगतात; पण त्याआधी १९६६ साली ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटात हेच कथानक येऊन गेले होते. म्हणून प्रश्न विचारताना भाषा नक्की आठवत नसली, तरी भाषेच्या जवळ नेणारी एखादी खूण द्यावी: पात्रांचे पोशाख, दुकानावरची पाटी, एखादे गाणे, अगदी घरातल्या कोणाला तो चित्रपट समजत नव्हता एवढी गोष्टदेखील.

कुठे आणि कधी पाहिला, याला इतके महत्त्व का, हे थोडे विस्ताराने सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढे कित्येक वर्षे मराठी चित्रपट शनिवारी संध्याकाळी व हिंदी चित्रपट रविवारी संध्याकाळी लागत असे. त्यामुळे ‘दुसऱ्या दिवशी शाळा होती, म्हणून शेवट पाहू दिला नाही’ असे कोणी लिहिले, तर तो बहुधा रविवारचा हिंदी चित्रपट असावा, असे जाणकार लगेच ओळखतो. केबलची गोष्ट निराळी आहे. ती १९९० नंतर घरोघर आली आणि केबलवाला स्वतःच्या चॅनेलवर हाताशी असतील त्या कॅसेट लावत असे, त्यामुळे केबलवर पाहिलेला चित्रपट त्याच सुमाराचा असेल असे मुळीच नाही. तो तीस वर्षे जुनाही असू शकतो. गणेशोत्सवात गल्लीत पडदा बांधून दाखवलेल्या चित्रपटांनाही हेच लागू आहे. तेव्हा ‘नव्वदच्या दशकातला चित्रपट’ असे न लिहिता ‘नव्वदच्या दशकात पाहिलेला चित्रपट’ असे लिहावे. या एका बदलाने शोधणाऱ्यांची दिशा चुकत नाही.

जे पक्के आठवते आणि जे अंधूक आठवते, ते वेगवेगळे लिहावे, ही माझी दुसरी विनंती आहे. संवाद जसा कानात राहिला असेल तसाच, मोडकातोडका, लिहावा. तो शुद्ध करून, वाक्य नीट जुळवून लिहिला की त्यातली ओळखीची लकब नाहीशी होते. नटाचे नाव अंदाजाने घालू नये. ‘बहुतेक निळू फुले होते’ असे लिहिले की वाचणारे त्यांचेच चित्रपट धुंडाळत बसतात, आणि तो नट दुसराच कोणी असला तर सगळा शोध वाया जातो.

गाण्यांच्या बाबतीत अडचण निराळी असते. मराठी गाण्यांचे बहुतेक संग्रह, ‘आठवणीतली गाणी’सारखे संकेतस्थळ धरून, गाणे पहिल्या ओळीने नोंदवतात, आणि आपल्या मनात मात्र पुष्कळदा अंतऱ्यातली ओळ राहिलेली असते. म्हणून आठवणारी ओळ ध्रुवपदाची आहे की मधली, हे माहीत असेल तर अवश्य सांगावे. केवळ चाल आठवत असेल, तर गूगलच्या अ‍ॅपमध्ये २०२० पासून गुणगुणून गाणे शोधण्याची सोय आहे. ती आधी वापरून पाहावी.

गायकाबद्दल कोणी वेगळे सांगितले, तर त्याला चटकन खोडून काढू नये, असे मला कळकळीने वाटते. गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर प्रसारित झाले, तेव्हा त्यातली ५६ गीते अनेक गायकांनी गायली होती. त्यांत माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. पुढे सुधीर फडके यांचे स्वतःच्या आवाजातले गायन घराघरांत पोचले आणि तेच आज बहुतेकांना ठाऊक आहे. एखाद्या आजीबाईंनी ‘मी हे गाणे बाईच्या आवाजात ऐकले आहे’ असे सांगितले, तर त्यांची स्मृती उत्तर देणाऱ्यापेक्षा अधिक खरी असू शकते. नाटकांतही असेच घडते. आमच्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी रंगमंचावर उभे केले, परंतु नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ती भूमिका केली, आणि २०१६ सालच्या चित्रपटात नाना पाटेकर होते. त्यामुळे ‘मी पाहिला तो नटसम्राट कोण?’ या प्रश्नाला वर्ष आणि नाट्यगृह सांगितल्यावाचून उत्तर देता येत नाही.

मिळालेले उत्तर तपासणेही तितकेच आवश्यक आहे. दहा जणांनी एकच नाव सांगितले म्हणजे ते बरोबर, असे धरू नये. पुष्कळदा नऊ जण पहिल्याचेच नाव पुढे नेत असतात. अलीकडे चॅटबॉटला विचारून आणलेली उत्तरेही दिसतात, आणि त्यांत अस्तित्वात नसलेले चित्रपटसुद्धा सफाईने सांगितलेले असतात. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ साली नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले, त्यामुळे त्यांच्याविषयीचे प्रश्न मी विशेष लक्ष देऊन वाचतो. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहायचा आहे, असे कोणी म्हटले की लगेच एखादी चित्रफीत दिली जाते. पण आज उपलब्ध असलेला भाग फाळके यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचा आहे, असे काही अभ्यासकांचे मत आहे, हे फारच थोडे जण सांगतात. आपल्या चित्रपटाबाबत खात्री करणे सोपे आहे: सुरुवातीला दिसणारे सेन्सॉरचे प्रमाणपत्र थांबवून वाचावे. त्यावर चित्रपटाचे नाव, भाषा आणि तारीख असते.

एक सावधगिरी बाळगावी. चित्रपट पाठवतो म्हणून कोणी खासगी निरोपातून दुवा दिला, एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला किंवा पैसे भरायला सांगितले, तर तिथेच थांबावे. नाव कळण्यासाठी आपला फोन नंबर किंवा मामांचा पत्ता कोणालाही लागत नाही. ‘नाशिकरोड’ एवढे पुरे आहे.

काही दिवसांत उत्तर आले नाही, तर तोच मजकूर पुन्हा टाकू नये. मूळ प्रश्नात नवी आठवण जोडावी आणि कोणती नावे आधीच तपासून बाद केली आहेत, तेही लिहावे. चित्रपट सापडल्यावर मात्र शीर्षकात त्याचे नाव व वर्ष घालून, कोणत्या खुणेवरून ओळख पटली हे एका ओळीत नमूद करावे, म्हणजे तेच दृश्य आठवून शोध घेणाऱ्या पुढच्या माणसाला ते थेट सापडेल.