फाइल उघडता आली पाहिजे

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. सर्किट बोर्डाचा लेआउट करायला कोणतं सॉफ्टवेअर शिकावं, एवढाच तुझा प्रश्न, पण त्यासोबत सात नावंही आहेत. उत्तर आधी देऊन टाकते: कीकॅड घे आणि आजच पहिलं स्केमॅटिक, म्हणजे जोडण्यांचा आराखडा, काढायला बस. कारण मात्र नीट समजून घे, कारण हा प्रश्न पुढेही पडत राहणार आहे.

नवीन शिकणारे आधी सोयी मोजतात. तांब्याचे किती थर (लेअर) करता येतात, बोर्ड त्रिमितीत फिरवून दिसतो का, तांब्याच्या वाटा (ट्रॅक) आपोआप आखणारा ऑटोराउटर आहे का. (ऑटोराउटरचा विचार आत्ता सोडूनच दे, पहिले दहा बोर्ड हाताने राउट कर.) मी आधी पाहते की केलेलं काम त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर कसं निघतं. बोर्ड दहा-पंधरा वर्षं वापरात राहतो. मध्येच एखाद्या आयसीचं (चिपचं) उत्पादन थांबतं, मग जुनी फाइल उघडून फूटप्रिंट, म्हणजे त्या पार्टचे पाय जिथे जोडतात त्या तांब्याच्या पॅडांची मांडणी, बदलावा लागतो. त्या दिवशी फाइल उघडली नाही तर बाकीच्या सोयी असून नसून सारख्याच.

हे मी सोसलं आहे. माझ्या पहिल्या नोकरीत ज्या सॉफ्टवेअरवर काम चालायचं, त्याची फाइल फक्त त्यालाच वाचता यायची. पुढे लायसन्स संपलं आणि आमच्या हातात फक्त जुन्या गर्बर फाइली, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला पाठवायची चित्रं, उरल्या. त्या गर्बरमध्ये तांब्याचे आकार होते. कोणता ट्रॅक कोणत्या नेटचा (जोडणीचा), हे कुठेच नव्हतं. चार लेअरचा बोर्ड आम्ही पॅडमागून पॅड जुळवत पुन्हा काढला. आठवडे गेले.

ईगलचं उदाहरण बघ. 1988 मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर हौशी लोकांचं फार लाडकं होतं. 2016 मध्ये ते ऑटोडेस्कने घेतलं, आणि 7 जून 2026 पासून ते बंद होणार असल्याचं 2023 मध्ये जाहीर केलं. तरी ईगलवाल्यांचं काम बुडालं नाही, कारण आवृत्ती 6 पासून त्याची फाइल एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर आहे. कीकॅड ती थेट आयात करतं. आयातीनंतर कॉपर पोर (तांब्याने भरलेले भाग) आणि डिझाइन रूल (अंतर-रुंदीचे नियम) पुन्हा तपासावे लागतात, पण बोर्ड हातात राहतो.

कीकॅडची फाइलही साधा मजकूरच असते. ती आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेव, म्हणजे कधी काय बदललं ते दिसत राहील. झ्याँ-पिएर शारास यांनी 1992 मध्ये फ्रान्समध्ये हे काम सुरू केलं. पुढे सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संशोधन संस्थेच्या अभियंत्यांनी त्याला हातभार लावला. आपला ट्रॅक नेताना वाटेतले ट्रॅक आपोआप बाजूला सरकवणारा राउटर त्यांच्याकडूनच आला. कीकॅड मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे उद्या कुणी विकत घेऊन कुलूप लावेल ही भीती नाही.

मोठ्या कंपनीत गेलास तर अल्टियम, अलेग्रो किंवा एक्सपिडिशन भेटेल. वेगवान डीडीआर मेमरी, शेकडो जुळवलेल्या लांबीचे ट्रॅक, एकाच बोर्डावर काम करणारी टीम, अशा ठिकाणी त्यांची ताकद खरी आहे. तिथे असेल ते बिनतक्रार शीक. बटणांच्या जागा काही आठवड्यांत हाताला बसतात. परतीचा प्रवाह कुठून जातो, ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा सलग तांब्याचा थर) कुठे तुटलाय, पुरवठा स्थिर ठेवणारा डीकपलिंग कपॅसिटर आयसीच्या पॉवर पिनला खेटून का हवा, हे समजायला वर्षं लागतात आणि ते सगळीकडे तुझ्यासोबत येतं. ब्राउझरमधलं ईझीईडीए सुटसुटीत आहे, पार्ट निवडून थेट ऑर्डरपर्यंत नेतं. ते वापरलंस तर प्रत्येक टप्प्याची प्रत तुझ्या डिस्कवर उतरवून ठेव.

सॉफ्टवेअरपेक्षा जास्त जीव लायब्ररीत, म्हणजे पार्टांची चिन्हं आणि फूटप्रिंट यांच्या संग्रहात, घाल. बीसी547 आणि 2एन3904 दोन्ही एनपीएन ट्रान्झिस्टर, दोन्ही तीन पायांच्या टीओ-92 पॅकेजमधले. पण सपाट बाजू समोर धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर आणि दुसऱ्याचे एमिटर-बेस-कलेक्टर. मी एकाच्या जागी दुसरा वापरला होता. डीआरसी (मांडणीच्या नियमांची तपासणी) हिरवा, ईआरसी (जोडण्यांची तपासणी) हिरवा, आणि आलेल्या बोर्डांपैकी एकही चालेना. सॉफ्टवेअर तुझा बोर्ड तुझ्याच स्केमॅटिकशी ताडून पाहतं. डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचं माहितीपत्रक, तुलाच वाचावी लागते. प्रत्येक नवीन फूटप्रिंट डेटाशीटशी जुळव, मग मूळ मापात कागदावर छापून त्यावर खरा पार्ट ठेवून बघ.

पहिला बोर्ड दोन लेअरचा, लहान कर. गर्बर तयार झाले की ते वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघड, एकेक लेअर आणि भोकांची ड्रिल फाइल डोळ्यांखालून घाल. ऑर्डर देण्याआधी पूर्ण प्रोजेक्ट फोल्डर मला पाठव, लायब्ररीसकट. माझ्या संगणकावर ते जसंच्या तसं उघडतं का, ते आपण दोघं मिळून पाहू.

तुझी ताई