१४६००के साठी बोर्ड: चिपसेट पाहून झाला की व्हीआरएम पाहा, आपल्याकडे मे महिना असतो

भाऊ, तुझं एकूण म्हणणं असं की इंटेलचा आय५-१४६००के प्रोसेसर घ्यायचं जवळपास ठरलंय, ओव्हरक्लॉक म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचंय, आणि नागपुरात बर्डीवरचा दुकानदार म्हणून राहिला की बी७६० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य नियंत्रण चिप) बोर्ड घेऊन जा, झेड७९० म्हणजे फुकटचा खर्च. हे आधी मिटवू. बी७६० वर प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वर जातच नाही, रॅमचा स्पीड वाढवता येतो तेवढा, म्हणजे के वाल्या चिपचे जास्तीचे पैसे ज्याच्यासाठी देऊन राहिला तेच कुलपात. इंटेलमध्ये ओव्हरक्लॉकसाठी के प्रोसेसर (ज्याचा मल्टिप्लायर खुला असतो) आणि झेड चिपसेट दोन्ही लागतात. झेड६९० स्वस्तात भेटला तर तोही चालतो, फक्त बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलेला पाहिजे कारण तुझी चिप १४व्या जनरेशनची आणि तो बोर्ड त्याच्या आधीचा आहे. दुकानदार काही खोटं नाही बोलला, बी७६० वर ही चिप मस्त चालते, पण तू चालते का विचारलंच नव्हतं ना.

आता झेड लिहिलंय म्हणून बोर्ड दणकट असंही नसते. एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) बोर्डाला १२ व्होल्ट येतात आणि चिपला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास, हे उतरवायचं काम व्हीआरएमचं, म्हणजे सॉकेटभोवतीच्या वीज पुरवणाऱ्या सर्किटचं. १४६००के ची टर्बो लिमिट (पूर्ण जोरात असताना जास्तीत जास्त वीज) १८१ वॉट आहे, सव्वाने भाग, झाले जवळपास १४५ अँपियर, आणि हे ओव्हरक्लॉक न करता. केलं की २०० वॉटच्या पुढे आरामात जाते. त्यात दहा टक्के वीज वाया गेली धर, तरी २० वॉटची उष्णता सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूच्या त्या बोटभर पट्टीत साचते. मॉसफेट (व्हीआरएममधले विजेचे छोटे स्विच) सहसा १२५ डिग्रीपर्यंतचे असतात, पण बोर्ड त्याच्या आधीच घाबरून क्लॉक म्हणजे प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि आपण बसतो प्रोसेसरचं तापमान पाहत की ८० तर आहे मग स्पीड काऊन पडला.

रिव्ह्यूवाले टेस्ट करतात २०-२५ डिग्रीच्या खोलीत. आपल्या इथे नवतप्यात (मे अखेरीचे नऊ तापलेले दिवस) बाहेर ४५ असते, एसी नसलेली वरच्या माळ्यावरची खोली ४० ला टेकते, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. खोली १५ डिग्रीने वर गेली की व्हीआरएमही साधारण तेवढाच वर जातो, साधा हिशोब आहे. म्हणजे रिव्ह्यूत ८५ दाखवलं ते आपल्याकडे १००. त्यामुळे रिव्ह्यूत जो बोर्ड ६५-७० वर बसतो तोच घे, डिसेंबरात काय, कोणताही बोर्ड चालते.

दुकानात गेला की बॉक्स उघडायला लाव आणि बोर्ड आडवा धरून बाजूने पाहा. हीटसिंक सॉकेटच्या दोन्ही बाजूंना आहे का, का एकच लावून दुसरीकडचे मॉसफेट उघडे सोडलेत. त्यात खरोखरच्या फटी, पाती आहेत का नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि वरून प्लॅस्टिकचं चमकदार कव्हर, कारण ते कव्हर हवाच अडवते. स्क्रूने घट्ट बसवलाय का पिनांवर हलून राहिला तेही पाहा. फेज म्हणजे व्हीआरएममध्ये वीज वाटून घेणारे भाग, त्यांच्या आकड्याच्या मागे लई धावू नको, बॉक्सवर १२ लिहितात आणि आत खरे ६ फेज जोडीने लावलेले असतात, त्यात वाईट काही नाही पण १२ वाचून हुरळायचं नाही. प्रत्येक पॉवर स्टेज (फेजमधली वीज देणारी चिप) किती अँपियरचा आहे ते विचार, ६० किंवा वर असेल तर तुझ्या चिपला भरपूर झालं.

लिक्विड कूलर लावणार म्हणतो, तर एक लक्षात ठेव, टॉवर कूलरचा पंखा जाता जाता सॉकेटच्या आजूबाजूला थोडी हवा मारतो, पंपवाल्यात ती बंद होते. मागचा एक्झॉस्ट फॅन काढू नको मग. आणि खोलीतला पाण्याचा कूलर जरूर लाव, पण त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर नको, ओली हवा आणि धूळ मिळून फिल्टरवर चिखल होते.

आरजीबी (रंगीत लाइट), वायफाय, पाच-पाच एम.२ स्लॉट (एसएसडी लावायच्या जागा) याच्यावर पैसे घालायची गरज नाही. बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं) बटण आणि एरर दाखवणारे लाइट मात्र पाहिजेच, बोर्ड चालूच होईना की रात्री दीड वाजता तेच कामी येते. डीडीआर५ रॅम घेत असशील तर दोनच स्टिक घे, चार लावल्या की स्पीड पडते.

बोर्ड आला की पहिलं काम बायोस अपडेट. १३व्या-१४व्या जनरेशनमध्ये जास्त व्होल्टेजने चिप खराब व्हायचा जो लफडा झाला त्यावरचं मायक्रोकोड (बायोससोबत येणारी चिपची दुरुस्ती) ०एक्स१२९ ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, त्यानंतरचाच बायोस पाहिजे. इंटेलने वॉरंटीही दोन वर्षं वाढवली, पण ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत, तेव्हा व्होल्टेज ऑटोवर सोडून मल्टिप्लायर चढवू नको, बोर्ड स्वतःहून वाटेल तेवढं देऊन टाकते. मग सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास चालू ठेव, तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएम मॉस नावाची ओळ पाहा, आणि हे दुपारी तीनला कर, पहाटे नाही. काही स्वस्त बोर्डांत तो सेन्सरच नसतो, तसला तर घेऊच नको.

प्रोसेसर अजून घेतला नसेल तर एएमडीच्या एएम५ सॉकेटचा पण विचार कर, तिथे बी६५० चिपसेटवरही ओव्हरक्लॉक होते, फक्त ए६२० टाळ. रायझन ७७०० ८८ वॉटवर थांबतो, आपल्या उन्हाळ्यात त्याचा बोर्ड निवांत राहते. कॅबिनेट कोणता आहे ते लिहिलं नाही तू, तेवढं सांग, समोरून बंद काचेचा असेल तर आधी तोच बदलावा लागेल.