स्पोर्टिंग क्ले नेमबाजीसाठी पहिली शॉटगन कोणती घ्यावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्यातल्या साखळीहून नोकरीसाठी इंग्लंडमधल्या स्विंडनला गेल्यावर सहकाऱ्यांनी आपल्याला दोन वेळा स्पोर्टिंग क्लेच्या, म्हणजे यंत्राने सोडलेल्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या खेळाच्या, मैदानावर नेले, खेळाची गोडी लागली आणि आता स्वतःची शॉटगन (एका बाराला शेकडो छर्रे उडवणारी बंदूक) घ्यायची आहे. ती १२ बोअरची असावी की २० बोअरची, नळी किती लांब असावी, कोणत्या कंपनीची घ्यावी, आणि सत्तरी तालुक्यातल्या घरी असलेली आजोबांची एकनळी बंदूक या खेळाला चालेल का, असे आपण विचारले आहे. मी त्याच भागात, विल्टशरमध्ये, अकरा वर्षे राहिलो आणि त्यांतली नऊ वर्षे जवळजवळ प्रत्येक रविवारी हा खेळ खेळलो. आता फोंड्याला परतलो असलो तरी या विषयावर बोलायची संधी मी सोडत नाही.

आपण विचारलेल्या गोष्टींच्या आधी येणारी एक गोष्ट आपल्या प्रश्नात नाही, ती म्हणजे बंदूक आपल्या अंगाला बसते की नाही. रायफलीला मागे आणि पुढे अशा दोन माश्या, म्हणजे नेम धरायच्या खुणा, असतात आणि त्या एका रेषेत आणून नेम धरता येतो. शॉटगनला मागची माशी नसते. तिची जागा आपला डोळाच घेतो. गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या भागावर, जिथे टेकेल तिथे डोळा येतो आणि डोळा जिथे येईल त्यावरून छर्रे कुठे जाणार हे ठरते. दस्ता अर्धा सेंटिमीटर उंच असला तर छर्रे वरून जातात, आखूड असला तर अंगठ्याचे हाड नाकावर आदळते, लांब असला तर तो काखेत अडकतो आणि बंदूक खांद्याला लावायला उशीर होतो. दस्ता उजव्या-डाव्या बाजूला किंचित वळवलेला असतो, तो कोन चुकला तर छर्रे एका बाजूला जातात. तयार सदरा सैल झाला तरी घालता येतो, पण न बसणाऱ्या बंदुकीने तबकडी फुटली तरी ती का फुटली हे कळत नाही आणि फुटली नाही तर चूक आपली की दस्त्याची हेही कळत नाही. शिकणाऱ्याचे खरे नुकसान इथेच होते.

दुकानात हे पाहण्याची रीत सोपी आहे. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री विक्रेत्याने आणि आपण, दोघांनीही करावी. मग सुरक्षित दिशेला, दूरच्या एखाद्या खुणेकडे पाहून डोळे मिटावेत, बंदूक सहजपणे खांद्याला लावावी आणि डोळे उघडावेत. नजर नळीवरच्या पट्टीच्या मध्यातून सरळ टोकाच्या मण्याकडे गेली पाहिजे आणि पट्टी अगदी थोडी दिसली पाहिजे. मान वाकवून किंवा गाल सरकवून नजर जुळवावी लागली, तर ती बंदूक आपली नव्हे. याहून पक्की परीक्षा मैदानावरच्या लोखंडी पत्र्यावर होते. १६ यार्डांवरून, म्हणजे साधारण साडेचौदा मीटरवरून, रंग लावलेल्या पत्र्यावर आठ-दहा बार काढून छर्ऱ्यांचा मध्य कुठे पडतो ते पाहतात. तो एक इंच सरकलेला असेल तर दस्त्यात एक इंचाचा सोळावा भाग इतका बदल करावा लागतो, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

त्याआधी घरी बसून आपला प्रबळ डोळा कोणता ते पाहा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट करा आणि मग एकेक डोळा मिटा. जो डोळा मिटल्यावर बोट खांबावरून बाजूला सरकल्यासारखे दिसते तो प्रबळ डोळा. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर तो नकळत बाजूने पाहून नेम बिघडवतो. अशा वेळी चष्म्याच्या डाव्या काचेवर मोक्याच्या जागी छोटी चिकटपट्टी लावतात किंवा सुरुवातीपासूनच डाव्या खांद्यावरून शिकतात. मी ही परीक्षा दुसऱ्या वर्षी केली, ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

दुसरी चूक माझ्याकडून खरेदीत झाली. एका विक्रेत्याने दाखवलेली जुनी, देखणी बंदूक मी तिच्या नक्षीकामावर भाळून घेतली. ती ट्रॅपची बंदूक होती हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी ट्रॅप हा शब्द प्रथम ऐकला. त्या खेळात तबकड्या नेहमी नेमबाजापासून दूर आणि वर जातात. म्हणून ट्रॅपच्या बंदुकीचा दस्ता उंच ठेवतात आणि तिचे छर्रे मुद्दाम नजरेच्या रेषेच्या थोडे वरून जातात. स्पोर्टिंगमध्ये तबकडी आडवी जाते, अंगावर येते, खाली उतरते, जमिनीवरून घरंगळत जाते. माझे छर्रे पूर्ण मोसमभर तिच्या डोक्यावरून गेले आणि गालावर निळा डाग कायम राहिला. आपण विचारूनच घ्या: ही स्पोर्टिंगची बंदूक आहे, की ट्रॅपची, की शिकारीची?

आता बोअर. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बसेल ती १२ बोअर, असा या मापाचा जुना अर्थ आहे, म्हणूनच आकडा वाढला की नळी अरुंद होते. १२ बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर आणि २० बोअरचा सुमारे १५.६. नवख्याने २० बोअर घ्यावी, तिचा धक्का कमी लागतो, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. धक्का काडतुसातल्या शिशाच्या वजनावर आणि बंदुकीच्या वजनावर ठरतो, आणि २० बोअरची बंदूक सहसा हलकी असते. साडेतीन किलोच्या आसपासची १२ बोअर आणि २१ किंवा २४ ग्रॅमची काडतुसे घेतली तर एका फेरीतल्या शंभर तबकड्यांनंतरही खांदा शाबूत राहतो. २८ ग्रॅमच्या काडतुसात इंग्रजी मापाने साडेसात क्रमांकाच्या आकाराचे सुमारे ४०० छर्रे असतात. तशी काडतुसे पुढे वापरता येतील. अंगकाठी अगदी लहान असेल तरच २० बोअरचा विचार करावा.

नळी ३० इंचांची घ्यावी. उंच, दणकट माणसाला ३२ चालते, लहान चणीच्या माणसाला २८ बरी पडते. लांब नळीने छर्रे दूर जातात हा समज खोटा आहे. लांब नळी फक्त एकदा फिरू लागली की संथ आणि न अडखळता फिरत राहते.

वर-खाली नळ्यांची दुनळी घ्यावी, की बार काढल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरून घेणारी अर्धस्वयंचलित? दुसरीचा धक्का मऊ लागतो हे खरे आहे. तरी मी दुनळीच सुचवीन, कारण ती मधून उघडून हातावर घेतली की ती रिकामी आहे हे मैदानावरच्या प्रत्येकाला दुरूनच दिसते. शिवाय तिच्या दोन नळ्यांना दोन वेगळे चोक, म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव आवरण्यासाठी नळीचे टोक आवळणारे तुकडे, लावता येतात. पुढेमागे गोव्यात परतायचा विचार असेल तर हेही ध्यानात असू द्या की आपल्या शस्त्र नियम २०१६ मध्ये अर्धस्वयंचलित बंदुका कडक निर्बंधांच्या वर्गात येतात.

चोकबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. पूर्ण चोक म्हणजे नळीचे टोक साधारण एक मिलिमीटरने आवळलेले. पाव चोक म्हणजे त्याचा चौथा भाग. पहिले वर्षभर दोन्ही नळ्यांना पाव चोक लावा आणि तो विषय विसरून जा.

कंपन्यांबद्दल मला फार आग्रह नाही. बेरेटाची ६८६ मालिका, आणि जपानच्या कोची प्रांतात मिरोकूच्या कारखान्यात घडणाऱ्या मिरोकू व ब्राउनिंगच्या दुनळ्या, यांतली सुस्थितीतली वापरलेली बंदूक नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा कधीही चांगली. बेरेटा घराण्याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला नळ्या पुरवल्याची नोंद १५२६ सालची आहे, तेव्हा पोर्तुगिजांना गोव्यातल्या तिसवाडीत येऊन जेमतेम सोळा वर्षे झाली होती. बेरेटाचा नळ्या आणि दस्ता यांच्यामधला भाग बसका असतो, ब्राउनिंगचा थोडा खोल. कोणता हाताला बरा वाटतो ते हातात धरूनच कळेल.

आजोबांच्या बंदुकीबद्दल मला आपुलकीने पण स्पष्ट सांगायचे आहे. काजूच्या बागायतीत रानडुकरे आणि माकडे हाकण्यासाठी दिलेल्या शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची, निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागणारी अशी एकनळी आमच्याही घरी होती आणि तिच्या तेलाचा वास मला आजही आठवतो. पण ती या खेळाची नव्हे. स्पोर्टिंगमध्ये तबकड्या बहुधा जोडीने सुटतात आणि एकनळीत दुसरा बारच नसतो. जुन्या बंदुकांचे काडतूसघर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते. त्यात आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस सहज बसते, मात्र उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि नळीतला दाब धोकादायक वाढतो. परवाना आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज केल्याशिवाय ती कोणी वापरू नये. ती घरीच जपा आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, कारण चामडे दमट हवा धरून ठेवते आणि नळी आतून गंजते.

आनंदाचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला. तबकडी १०८ मिलिमीटरची, डांबर आणि चुनखडीची. पण प्रत्येक थांब्यावर, म्हणजे नेमबाजाने उभे राहायच्या ठरलेल्या जागी, तिचा स्वभाव वेगळा. एक माडाच्या शेंड्यापर्यंत सरळ चढते आणि तिथे क्षणभर थबकते. बाट्यू नावाची पातळ तबकडी आधी धारेवर उडते, दिसतच नाही, आणि मग अचानक कूस बदलून पूर्ण अंग दाखवत कोसळते. ससा म्हणतात ती जमिनीवरून उड्या घेत धावते. तीस मीटरवरून आडवी जाणारी तबकडी सेकंदाला वीस मीटर वेगाने जात असेल, तर छर्रे तिथे पोचायला लागणाऱ्या सुमारे दशांश सेकंदात ती दोन मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे बार रिकाम्या जागेत काढायचा, पण नजर मात्र तबकडीवरून हलू द्यायची नाही. हे अंगात उतरायला मला तीन वर्षे लागली. त्यात मदत झाली ती लहानपणी दिवाडी बेटाच्या खाजनांवर, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतांवर, पाहिलेल्या पाकोळ्यांची. पाखरू आत्ता आहे तिथे न पाहता ते कुठे निघाले आहे ते पाहायची सवय तिथे लागली होती. थांब्यावर गेल्यावर बंदूक न उचलता आधी दोन तबकड्या नुसत्या पाहा. ती कुठे प्रथम स्पष्ट दिसते, कुठे फोडायची आणि त्यासाठी पाय कुठे रोखायचे हे ठरवा. उरलेले काम हात करतात.

खरेदीची घाई करू नका. इंग्लंडमध्ये पोलिसांची तशी मान्यता असलेल्या मैदानावर शॉटगन प्रमाणपत्राशिवायही (तिकडच्या परवान्याशिवायही) भाड्याच्या बंदुकीने तबकड्यांवर नेमबाजी करता येते; तेव्हा सहा-आठ वेळा प्रशिक्षकाबरोबर वेगवेगळ्या बंदुका वापरून पाहा आणि तोवर शॉटगन प्रमाणपत्रासाठी पोलिसांकडे अर्ज करा. त्याला डॉक्टरांकडून वैद्यकीय माहिती जोडावी लागते, पोलीस घरी येऊन बंदूक कुलूपबंद कुठे ठेवणार ते पाहतात, आणि प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. बंदुकीसाठी ठेवलेल्या रकमेतला एक हिस्सा दस्ता बसवून घेण्यासाठी आणि एक हिस्सा आवाज अडवणाऱ्या चांगल्या कर्णरक्षकांसाठी व चष्म्यासाठी आधीच बाजूला काढा.

माझी स्वतःची दुनळी मी गोव्याला परतताना तिथेच विकली. दस्त्याची मापे मात्र वहीत अजून आहेत: लांबी साडेचौदा इंच, उजवीकडे किंचित वळण. ती मी आपल्याला उपयोगी म्हणून देत नाही, कारण ती माझ्या मानेची आणि माझ्या हातांची आहेत. आपली उंची आणि प्रबळ डोळा कोणता ते कळवलेत, तर नळीची लांबी आणि वजन यांबद्दल अधिक नेमके सांगू शकेन.