पान करपले, पण कशाने? अतिनील ताणाची मोजणी

प्रश्न (गुहागर तालुक्यातील रोपवाटिकाधारक भगिनी): पाऊस संपल्यावर शेडनेट बदलायला काढली. आठवडाभरात अँथुरियमची पाने वरून तांबूस होऊन करपली. दुकानदार म्हणतो, अतिनील किरणे. लक्स मीटरने ती मोजता येतील का?

उत्तर: नाही, ताई. लक्स मीटर डोळ्यांना दिसणारा उजेडच मोजतो. रोपांना जास्त बाधणाऱ्या २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील-बी किरणांसाठी वेगळा मीटर लागतो. तो घेण्याची घाई करू नका, आधी कारण शोधा.

आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने पान टोकाकडून आणि कडेने जळते. उन्हाचा मार सूर्याकडच्या भागावर बसतो. एकमेकांवर आलेली दोन पाने असतील तर वरचे उचलून बघा. खालच्या पानावर सावलीपुरता हिरवा ठसा स्वच्छ उमटला असेल, तर दोष उजेडाचा.

आता तो नुसता उन्हाचा की अतिनीलचा? एकाच वयाची, एकाच कुंडीमिश्रणातली रोपे घेऊन दोन गट करा. एकावर पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा लावा, तो अतिनील किरणे जवळजवळ पूर्ण अडवतो. दुसऱ्यावर साधे पारदर्शक पॉलिथिन, त्यातून बरीचशी किरणे आत येतात. पॉलिहाऊसचा कागद इथे नको, त्यातला यूव्ही-स्टॅबिलायझर (अतिनील शोषणारा घटक) हिशेब बिघडवतो. दोन्ही छपरे सारख्या उंचीवर आणि बाजूंनी उघडी ठेवा. दोन्ही गट सारखेच करपले तर कारण ऊन आणि उष्णता. फक्त पॉलिथिनखालचा करपला तर दुकानदाराचे खरे.

वरून तिसऱ्या पानाला दोरा बांधा आणि दर आठवड्याला त्याच पानाची, मधली शीर टाळून, स्पॅड मीटरने (पानाचा हिरवेपणा मोजणाऱ्या यंत्राने) नोंद घ्या. पेऱ्यांची लांबीही मोजा. अतिनीलने पेरे बहुधा आखूड होतात. कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या विद्यापीठात क्लोरोफिल फ्लुरोसन्सचे यंत्र (पानाचे प्रकाशसंश्लेषण किती नीट चालले आहे ते दाखवणारे) मिळते का, विचारा. पानाला २० ते ३० मिनिटे अंधाराची (उजेड अडवणारी) क्लिप लावून घेतलेला आकडा निरोगी पानात ०.८ च्या आसपास येतो. क्लिपशिवाय घेतलेला आकडा इथे धरू नका.

क्रोटनचा हिशेब उलटा आहे. त्याचा लाल रंग उजेडातच भरतो, तिथे तांबूसपणाला इजा समजू नका.

तोवर चाचणीबाहेरच्या अँथुरियमवर ७५ टक्के सावलीची नेट परत चढवा. मे महिन्यात सूर्य कोकणात थेट डोक्यावर येतो, तेव्हा हीच चाचणी पुन्हा घ्या आणि आताच्या नोंदी त्यासाठी जपून ठेवा.