आजोबांचे भाऊ १९४४ मध्ये ब्रह्मदेशावर बॉम्बर विमानातून बेपत्ता झाले. त्यांचं नाव कुठे सापडेल?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आडनाव टाका, फुकट आहे. स्पेलिंग मात्र तीन-चार तऱ्हेनं करून पाहा, साहेबाच्या कारकुनानं काय लिहिलं असेल देव जाणे! कबर नसलेल्या हवाई दलाच्या माणसांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर कोरलेली आहेत.

तेव्हा आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबर स्क्वाड्रनकडे व्हेंजन्स नावाची बॉम्बर विमानं होती. दोनच माणसं: पुढे वैमानिक, मागे गनर.

आमच्या ग्वाल्हेरच्या, लष्कर भागातल्या घरी अशाच एका चुलत आजोबांचा फोटो आहे. पणजीनं त्याला शेवटपर्यंत हार घालू दिला नाही. ती गेल्यावर आजोबा पितृपक्षातल्या चतुर्दशीला, शस्त्रानं गेलेल्यांच्या तिथीला, त्यांचं पान वाढू लागले.