एनएचएमचा (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा) सगळा पैसा केंद्रच देतं का?
नाही हो, महाराष्ट्रात ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे, २०१५-१६ पासून हेच प्रमाण आहे (ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९०:१०). राज्याच्या बजेटच्या पुस्तकात केंद्र हिस्सा आणि राज्य हिस्सा अशा वेगळ्या ओळीच असतात, तिथे बघा. केंद्राचा पैसा आधी राज्याच्या तिजोरीत येतो आणि मग पुढे आरोग्य सोसायटीकडे (अभियान राबवणारी राज्याची संस्था) जातो, त्यामुळे कंत्राटी स्टाफचे पगार रखडले की केंद्र आणि राज्य दोघं एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे! फक्त एक, हे प्रमाण एनएचएमच्या मंजूर आराखड्यापुरतंच, जिल्हा रुग्णालयातल्या कायम डॉक्टरांचे पगार राज्यच देतं आणि मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं तर वेगळ्या खात्यात, वैद्यकीय शिक्षणाच्या, म्हणून राज्याच्या आरोग्य खर्चाची बेरीज करताना आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन्ही खाती धरा.